ट्टॉक! हा आवाज येतो कुठून?

वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करा. जिभेचं टोक वर न्या आणि समोरच्या दातांच्या जरा मागे, टाळूला घट्ट चिकटवा. तोंड थोडं उघडं राहू दे. आता जीभ एकदम खाली ओढा.

ट्टॉक!

आला? नाही आला तर जीभ जरा ओली करून घ्या आणि पुन्हा करा. घरात कुणी दचकलं तर सांगा की विज्ञानाचा प्रयोग चालू आहे. अगदी खरंच चालू आहे. आज आपण याच आवाजाचा माग काढणार आहोत, आणि हा आवाज मराठी मुलांच्या तोंडी बसवणाऱ्या माणसाचाही.

मी पाचवीत होते तेव्हा निम्मा वर्ग हा आवाज काढायचा. बाई फळ्याकडे वळल्या की मागच्या बाकावरून ट्टॉक. बाई मागे वळल्या की सगळे पुस्तकात डोकं खुपसून बसलेले. ओठ जवळजवळ हलवावेच लागत नाहीत, त्यामुळे चोर कधी सापडायचाच नाही. हे आम्हाला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. आम्ही ते वाचलं होतं. नुसतं वाचलं होतं बरं का! त्या वयात आमच्यापैकी कुणी हा आवाज कुठे ऐकून उचलला नव्हता. कागदावरची चार अक्षरं डोळ्यांतून आत गेली आणि जिभेतून बाहेर आली. मला अजूनही ही गोष्ट जादूपेक्षा कमी वाटत नाही.

ती अक्षरं लिहिणारे होते भा. रा. भागवत. पूर्ण नाव भास्कर रामचंद्र भागवत. जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. त्यांचं लेखन मात्र पुण्याच्या हवेत असं काही रुजलं की ते इथले नव्हते असं वाटतच नाही. १९४२ च्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास सोसला. पुढे मुलांसाठी 'बालमित्र' नावाचं मासिक चालवलं. त्यांच्या पत्नी लीलावतीबाई, त्याही मुलांसाठी लिहिणाऱ्या. म्हणजे एकाच घरात मुलांच्या गोष्टी लिहिणारे दोन हात! भागवतांनी अनुवाद केले, विज्ञानकथा लिहिल्या, रहस्यकथा लिहिल्या, आणि या सगळ्यात हसू पेरलं. पुस्तकांवर जीव टाकणारा बिपिन बुकलवार त्यांचाच. आडनावातच केवढं हसू आहे बघा. आणि त्यांचाच तो सगळ्यांचा लाडका, फुरसुंगीचा बनेश फेणे. ऊर्फ फास्टर फेणे. ऊर्फ फाफे.

फुरसुंगी माहीत आहे ना? पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या पलीकडे. आता तिथे उंच इमारती आहेत, पण बन्या तिथून निघाला तेव्हा ते गाव होतं. गावाकडचा हा काटकुळा मुलगा पुण्यात येतो, विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल हाणतो आणि चोर, हेर, लबाड माणसं यांच्या मागे लागतो. कधी प्रतापगडावर, कधी थेट काश्मीरमध्ये. अंगात फार ताकद नाही, खिशात फार पैसे नाहीत. डोकं मात्र भन्नाट चालतं. आणि काही सुचलं, काही अजब दिसलं की त्याच्या तोंडून निघतं, ट्टॉक!

आता तो आवाज उघडून आत काय आहे ते पाहू.

तुम्ही जीभ टाळूला चिकटवलीत तेव्हा तुम्हाला वाटलं की फक्त टोक चिकटलं. पण लक्ष देऊन पुन्हा करा. जिभेचा मागचा भाग, घशाजवळचा, तोही वर चिकटलेला आहे. म्हणजे पुढचा दरवाजा बंद, मागचा दरवाजा बंद, आणि मध्ये जिभेच्या पाठीवर हवेची एक चिमुकली खोली. आता जिभेचा मधला भाग खाली गेला की ती खोली मोठी होते. हवा मात्र तेवढीच. थोडी हवा मोठ्या जागेत पसरली की तिचा दाब कमी होतो. रंगपंचमीला पिचकारीचा दट्ट्या मागे ओढता तेव्हा नेमकं हेच होतं, म्हणून तर पाणी आत चढतं. इथे दट्ट्या म्हणजे तुमची जीभ. दाब पुरेसा कमी झाला आणि जिभेचं टोक सुटलं की बाहेरची हवा धाडकन आत घुसते. हवेच्या त्या धडकेचा आवाज म्हणजे ट्टॉक.

गंमत बघा. बोलताना आपण जवळजवळ सगळे आवाज छातीतून बाहेर येणाऱ्या श्वासावर काढतो. ट्टॉकमध्ये हवा उलट आत जाते, आणि तीही छातीपर्यंत जात नाही, तोंडातल्या तोंडातच. फुप्फुसांना याचा पत्ताही नसतो. खोटं वाटतं? मग हे करा. तोंड उघडं ठेवून नाकातून गुणगुणा, लांब. गुणगुणणं न थांबवता ट्टॉक करा. जमलं! एकाच वेळी दोन आवाज. नाकातून श्वास बाहेर चाललाय, तोंडात हवा आत घुसतेय, आणि दोघांची गाठभेटही नाही. मागचा दरवाजा बंद आहे ना, म्हणून. जिभेचा मागचा भाग वर चिकटवून नाकातून काढलेला हा जो आवाज आहे, तो आपल्या वर्णमालेत आहे. क, ख, ग, घ नंतर कोपऱ्यात बसलेला ङ. शाळेत सगळे विचारतात, या अक्षराचा उपयोग काय? एका शब्दात तरी तो हमखास भेटतो. वाङ्मय!

आणखी एक करून बघा. ओठांचा 'ओ' करून ट्टॉक काढा, मग 'ई' म्हणताना ओढतो तसे ओठ ताणून काढा. पहिला जाड, दुसरा बारीक. माठात पाणी भरताना आवाज चढत जातो, कारण आतली हवेची जागा लहान होत जाते. तुमच्या तोंडाचंही तसंच. जागा मोठी असली की आवाज खर्जात, लहान असली की वरच्या पट्टीत. थोडा सराव केलात तर तीन-चार सूर सहज काढता येतील. आमच्या वर्गातला एक मुलगा अख्खी शाळेची घंटा वाजवायचा, पहिल्या तासाची वेगळी आणि सुट्टीची वेगळी.

पण भागवतांपुढे अडचण काय होती, लक्षात आली का? हा आवाज मराठीत आहे, पण त्याला अक्षर नाही. अ पासून ज्ञ पर्यंत शोधा, सापडणार नाही. मग लिहायचा कसा?

त्यांनी काय लिहिलं ते एकेक अक्षर तोंडात घोळवून पाहू. पहिलं अक्षर ट. जीभ वळून वर टाळूला लागते. आपल्या पूर्वजांनी अक्षरं लावताना घशापासून ओठांपर्यंत जागा मोजून लावली होती. क घशाकडे, च टाळूवर, ट मूर्धेवर म्हणजे टाळूच्या उंच भागात, त दातांवर, प ओठांवर. त्यातला ट निवडला, कारण खऱ्या ट्टॉकमध्ये जीभ तिथेच कुठेतरी असते. पण एका टने भागत नाही. 'टॉक' म्हणून बघा, घड्याळ वाजल्यासारखं वाटतं. म्हणून ट्ट. जोडाक्षर आलं की जीभ क्षणभर तिथेच अडकून राहते. घट्ट, हट्ट, पट्टा हे शब्द म्हणताना तुम्हाला तो अडलेला क्षण जाणवेल. जीभ चिकटली आहे, सुटायचं बघते आहे, पण अजून सुटली नाही. खरा ट्टॉक काढतानाही अगदी हेच होत असतं! मग ऑ, म्हणजे जबडा एकदम खाली. आणि शेवटी क, म्हणजे मागचा दरवाजा.

म्हणजे भागवतांनी आवाजाचं नुसतं नाव लिहिलं नाही. जिभेने काय काय करायचं त्याचा नकाशाच अक्षरांत काढला. आणि आपण मनातल्या मनात वाचतानाही जीभ आणि घसा पूर्ण गप्प नसतात. त्यांच्या स्नायूंत बारीक बारीक हालचाल चालू असते, शास्त्रज्ञांनी ती यंत्र लावून मोजली आहे. फाफेचं पुस्तक हातात धरून अंथरुणात गुपचूप वाचणाऱ्या मुलाची जीभ तो नकाशा आपोआप गिरवत असणार. मग एके दिवशी ती टाळूला चिकटते, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो.

हे कान देऊन ऐकणं, मोजूनमापून लिहिणं, हेच मला भागवतांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. विनोदी लिहिणारा माणूस गबाळा असून चालत नाही. एक ट कमी पडला तर फाफेचं घड्याळ होतं.

तुम्ही म्हणाल, ट्टॉकसारखे आणखी आवाज आहेत का आपल्याकडे? आहेत की! कुणाचं वाईट झालेलं ऐकलं की आजी काय करते? जीभ दातांमागे लावून 'च् च् च्'. ते लिहितो आपण च ने, पण नीट ऐका, तो च नाहीच. तोही हवा आत ओढून काढलेला आवाज आहे, ट्टॉकचा धाकटा भाऊ. आणि बैलगाडी हाकणारे बैलांना चुचकारतात तेव्हा जिभेची एक बाजू दाढांपासून सोडवतात आणि गालात ओलसर आवाज काढतात. तो दुसरा भाऊ. म्हणजे आपण हे आवाज रोज काढतो, फक्त शब्दांत वापरत नाही. दुःखाला एक, बैलाला एक आणि फास्टर फेण्याला एक!

आता सायकलकडे वळू, कारण सायकलीशिवाय फाफे म्हणजे शेंडीशिवाय नारळ. एके काळी पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. कामगार, कारकून, प्राध्यापक, कॉलेजच्या मुली, सगळे सायकलवर. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या तरुणपणीचा लक्ष्मी रस्ता आणि तिथल्या घंट्यांचा किणकिणाट. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचं संग्रहालयच उभं केलं आहे. एका रविवारी जाऊन या. फाफेच्या काळातली सायकल कशी दिसायची ते तिथे डोळ्यांनी बघता येईल.

तर प्रश्न असा की दोन चाकांवरची ही वस्तू पडत कशी नाही? उभी सायकल सोडून बघा, लगेच आडवी. पण चांगला वेग देऊन रिकामी सायकल मोकळ्या मैदानावर ढकला, तर ती बराच वेळ स्वतःहून सरळ जाते, जणू वर कुणीतरी बसलंय. बरीच वर्षं मोठमोठी माणसं सांगायची की फिरणाऱ्या चाकांमुळे हे होतं, भोवरा जसा फिरता फिरता उभा राहतो तसं. मग २०११ साली अमेरिकेतल्या आणि नेदरलँड्समधल्या काही संशोधकांनी एक विचित्र सायकल बांधली. प्रत्येक चाकासोबत उलट फिरणारं दुसरं चाक जोडलं, म्हणजे भोवऱ्याचा परिणाम पुसून टाकला. तरीही ती गाडी आपली आपण सरळ गेली! म्हणजे भोवऱ्याचं उत्तर पुरेसं नव्हतं. खरी युक्ती हँडलमध्ये आहे. सायकल डावीकडे कलली की तिचं पुढचं चाक स्वतःच डावीकडे वळतं, आणि चाकं पुन्हा पडणाऱ्या भाराच्या खाली जाऊन उभी राहतात. हातावर काठी तोलताना तुम्ही काय करता? काठी जिकडे पडते तिकडे हात नेता. सायकलही तेच करते.

बघायचंय? सायकल फक्त सीटला धरून उभी करा, हँडलला हात लावू नका. आता तिला हळूच डावीकडे कलवा. हँडल वळलं का नाही? फाफे सिंहगड रस्त्यावर चोराच्या मागे सुटला असेल तर त्याचं सगळं लक्ष चोरावर असणार. तोल सांभाळायचं निम्मं काम त्याची सायकल करत असणार.

फाफेच्या लेखकाला नुसतं पुण्यात फिरून समाधान नव्हतं. त्यांनी मराठी मुलांना चंद्रावर नेलं, समुद्राच्या तळाशी नेलं. फ्रान्समध्ये ज्यूल व्हर्न नावाचा लेखक होऊन गेला, जन्म १८२८ चा. त्याच्या कादंबऱ्या भागवतांनी मराठीत आणल्या. 'चंद्रावर स्वारी' हे त्यातलं एक. मूळ कादंबरी १८६५ ची. विमानसुद्धा नव्हतं तेव्हा! व्हर्नने तीन माणसांना अमेरिकेतल्या फ्लोरिडातून चंद्राकडे पाठवलं. आणि १९६९ साली खरी तीन माणसं चंद्राकडे निघाली तीही फ्लोरिडातूनच. फक्त व्हर्नने त्यांना तोफेत घालून उडवलं होतं. तोफ सुमारे ९०० फूट लांब. मी एकदा गणित मांडून पाहिलं. पृथ्वीची ओढ तोडायची तर सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर वेग हवा, आणि तो एवढ्याशा नळीत मिळवायचा तर आत बसलेल्या माणसाला स्वतःचं वजन सुमारे २३ हजार पट झाल्यासारखं वाटेल. तुमचं वजन ३० किलो असेल तर जवळजवळ ७०० टन! व्हर्नलाही धक्क्याची काळजी होती, म्हणून त्याने खाली पाण्याची गादी ठेवली होती. त्या गादीने काही भागलं नसतं. पण मला गोष्ट वाचताना हे सुचलंच नाही, पुस्तक संपल्यावर सुचलं. गोष्ट चांगली असली की गणित नंतर सुचतं, आणि मग ते करायला मजाही येते.

भागवतांच्या आणखी एका पुस्तकाचं नाव मला फार आवडतं, 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. हीसुद्धा व्हर्नचीच गोष्ट. शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू. जुना, घरगुती मराठी शब्द आहे तो. शेंडी असलेलं नक्षत्र! धूमकेतू म्हटलं की जरा भीती वाटते, शेंडेनक्षत्र म्हटलं की समोर एक मुंजा मुलगा उभा राहतो. पण या शब्दात एक फसगत आहे बरं का. शेंडी नेहमी मागे असते असं आपल्याला वाटतं. शेंडेनक्षत्राची तशी नसते. ते म्हणजे बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याजवळ आलं की बर्फाची वाफ होते, धूळ सुटते, आणि सूर्याचा प्रकाश व सूर्याकडून वाहणारा कणांचा वारा त्या सगळ्याला सूर्यापासून लांब ढकलतो. म्हणून शेंडी नेहमी सूर्याच्या उलट बाजूला. सूर्याकडे येताना शेंडी मागे, ठीक आहे. पण सूर्याला वळसा घालून परत जाताना शेंडी पुढे आणि डोकं मागे!

हॅलेचं शेंडेनक्षत्र १९८६ साली येऊन गेलं. पुन्हा येणार २०६१ च्या जुलैअखेरीस. आज तुम्ही दहा वर्षांचे असाल तर तेव्हा पंचेचाळिशीच्या आसपास असाल, बघायला अगदी योग्य वय. अडचण एकच. जुलै म्हणजे पुण्यात ढग आणि पाऊस. तेव्हा ढगांच्या वर कसं जायचं याचा विचार आतापासून करून ठेवा. फाफे असता तर त्याने काहीतरी डोकं लढवलं असतं.

आणि हसू? त्याचा माग घेतल्याशिवाय हा लेख संपवता येणार नाही, कारण ही सगळी पुस्तकं आम्ही काही विज्ञानासाठी वाचली नव्हती. हसायला येतं म्हणून वाचली होती.

स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करून बघा. हसू येत नाही. तेच बोट दुसऱ्याचं असलं की आपण लोळतो. असं का? मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू नावाचा भाग असतो. तुमचा हात कुठे जाणार, कुठे टेकणार याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि बाकीच्या मेंदूला सांगतो, हे आपलंच आहे, दचकू नका. दुसऱ्याच्या बोटाचा अंदाज त्याला बांधता येत नाही. लंडनमधल्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली हे मेंदूची चित्रं घेऊन पाहिलं. विनोदातही अंदाजाचाच खेळ आहे. हे वाक्य वाचा: आजीने पुरणपोळीचा डबा उघडला, आत हात घातला आणि बाहेर काढला आजोबांचा चष्मा. तुमच्या मेंदूने पोळी धरून ठेवली होती, हातात आला चष्मा. आता हेच असं सांगते: आजोबांचा चष्मा आजीला पुरणपोळीच्या डब्यात सापडला. गेली मजा! माहिती तीच आहे, पण चष्मा पहिल्याच शब्दांत दिसला. चांगला विनोदी लेखक चष्मा शेवटपर्यंत लपवतो. मराठीत शब्द मागे-पुढे करता येतात, त्यामुळे लपवाछपवीला आपली भाषा सोयीची. आणि रहस्यकथा लिहिणाराही हेच करतो, फक्त चष्म्याच्या जागी चोर असतो. भागवत दोन्ही लिहायचे, त्यामुळे त्यांचा हात यात किती बसलेला असेल विचार करा.

हसताना छातीचे स्नायू श्वासाचे तुकडे करून बाहेर फेकतात, सेकंदाला साधारण पाच तुकडे. हा-हा-हा-हा-हा. उंदरांनाही गुदगुल्या केल्या की ते किलबिलतात, पण इतक्या बारीक आवाजात की आपल्या कानांना ऐकूच येत नाही. अमेरिकेत रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की एकटा असतो त्यापेक्षा माणूस चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो. हे मात्र मला शास्त्रज्ञाने सांगायची गरज नव्हती. फाफे वाचताना काही धमाल आलं की मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात पळायचे आणि आईला ते पान मोठ्याने वाचून दाखवायचे. पोळ्या करता करता ती हसली की मग मला खरं हसू यायचं.

मुलांना हसवणारी माणसं पुण्याला आणि महाराष्ट्राला पुष्कळ लाभली. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी निर्माण करणारे चिं. वि. जोशी १८९२ साली पुण्यातच जन्मले. ते पाली भाषेचे मोठे अभ्यासक होते. जातककथा, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी, त्यांनी मराठीत आणल्या. त्यांचा चिमणराव दूरदर्शनवर साकारला दिलीप प्रभावळकरांनी. आणि पुढे २०१७ साली 'फास्टर फेणे' चित्रपट आला तेव्हा त्यात भा. रा. भागवत कोण झालं होतं? प्रभावळकरच! फाफे होता अमेय वाघ. त्याच्याही आधी दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फाफे झाला होता. प्रभावळकर नुसते अभिनेते नाहीत. मोठ्यांसाठी 'अनुदिनी'सारखं खुसखुशीत पुस्तक आणि तुमच्यासाठी 'बोक्या सातबंडे' त्यांनीच लिहिलंय. म्हणजे मुलांसाठी लिहिणाऱ्या एका हसऱ्या लेखकाचं काम दुसऱ्या तशाच लेखकाने केलं. भागवत तो चित्रपट पाहायला नव्हते. २७ ऑक्टोबर २००१ ला ते गेले.

बरं, पण आपली एक गोष्ट अर्धी राहिली. ट्टॉकला मराठीत अक्षर नाही, असं मी म्हणाले. जगात कुठे आहे का?

आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेला, नामिबिया, बोट्स्वाना, दक्षिण आफ्रिका या देशांत अशा भाषा आहेत की ज्यांच्या शब्दांतच हे आवाज असतात. तिथली तुमच्याएवढी मुलं क, ख म्हणावं इतक्या सहज शब्दाच्या मधोमध ट्टॉक करतात आणि पुढे बोलत राहतात. झुलू आणि कोसा या भाषांतही ते आहेत. कोसा या नावाची सुरुवातच खरं तर अशा एका आवाजाने होते. मग भाषा शिकणाऱ्या लोकांना हे आवाज लिहायला खुणा हव्या झाल्या, आणि जगभरच्या भाषातज्ज्ञांनी त्या ठरवल्या. आजीच्या 'च् च् च्'ला त्यांनी एक उभी रेघ दिली, अगदी आपल्या श्लोकातल्या दंडासारखी. बैलांना चुचकारण्याच्या आवाजाला दिल्या दोन उभ्या रेघा, श्लोकाच्या शेवटी असतात तशा.

आणि जीभ टाळूवरून खाडकन सुटते त्या आवाजाला, म्हणजे आपल्या ट्टॉकला, त्यांनी दिलं उद्गारचिन्ह.

तिथल्या काही भाषांची आणि माणसांची नावं छापतात तेव्हा सुरुवातीलाच ते चिन्ह असतं. वाचणाऱ्याने आधी ट्टॉक करायचं आणि मग पुढची अक्षरं म्हणायची. आता या लेखाचं नाव पुन्हा बघा. ट्टॉक लिहून झालं की पुढे आपला हात आपोआप उद्गारचिन्ह काढतो. नामिबियातली एखादी मुलगी हे पान हातात घेईल तेव्हा तिला ट, ऑ, क यातलं काही कळणार नाही. ती त्या अक्षरांवरून बोट सरकवत त्यांच्या पुढच्या खुणेपाशी येईल, आणि तिची जीभ टाळूला चिकटेल.